चिंधी विकत आणायची नसते



आजचं लिखाण काही जणींना कडू लागेल. तरीही लिहिते, कारण दशलक्षण पर्व तोंडावर आलंय आणि पर्व सुरू झाल्यावर वाद नको. मग क्षमावाणीला मलाच तुमची क्षमा मागत फिरावं लागेल.

झालं असं. आमच्या महिला मंडळाने यंदा पर्वाआधी एक हस्तकला वर्ग घेतला. विषय होता, कापडाच्या तुकड्यांचा स्कार्फ. 'टाकाऊतून टिकाऊ, हाच अपरिग्रह' असं निमंत्रणात लिहिलं होतं. मी मोठ्या हौसेने गेले. चिंध्या हा माझा लहानपणापासूनचा विषय. माझं माहेर इचलकरंजीचं. यंत्रमागाच्या खडखडाटात आम्ही वाढलो. आई सुताचे तुटके दोरेसुद्धा गोळ्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवायची. घरात चिंध्यांचं एक गाठोडं असे, आणि त्यातली प्रत्येक चिंधी कुणाच्या कशाची आहे हे आईला सांगता येई. उन्हाळ्यात त्यातूनच वाकळ व्हायची. वडिलांची धोतरं आत, आईची जुनी लुगडी वर, आणि मधल्या चौकटींत आम्हा भावंडांच्या परकर-झबल्यांचे तुकडे.

तर मी आपली घरून तुकड्यांची एक पिशवी घेऊन वर्गाला गेले. तिथे कळलं की पिशवीची गरजच नाही. प्रत्येकीला एक संच मिळणार होता, किंमत ८५० रुपये. त्यात पाण्यात विरघळणाऱ्या पारदर्शक कागदाचे दोन ताव, रंगीत दोऱ्यांची रिळं, थोडे मणी, आणि एका छानशा पुडीत ६० ग्रॅम तुकडे. तुकडे कसले, तर रेशमाचे. चकचकीत, एकसारख्या मापाचे, रंगसंगती जुळवलेले. बाईंनी कौतुकाने सांगितलं, "शंभर टक्के शुद्ध रेशीम आहे हं."

माझ्या हातातली पिशवी मी हळूच खुर्चीखाली सरकवली. हे आधी कबूल करते, कारण त्या क्षणी मला माझ्या चिंध्यांची लाज वाटली. त्या लाजेचाच मला नंतर जास्त राग आला.

पद्धत मात्र सुरेख आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. विरघळणाऱ्या कागदाचा एक ताव पसरायचा. त्यावर कापडाचे तुकडे आणि दोऱ्याचे गुंते मनासारखे मांडायचे. तुकडे एकमेकांवर थोडे थोडे चढलेले हवेत. वरून दुसरा ताव ठेवून टाचण्या लावायच्या. मग मशीनवर आडव्या-उभ्या टिपा मारत जायचं, दोन टिपांत बोटभर अंतर. सगळी जाळी झाली की कोमट पाण्यात बुडवायचं. कागद विरघळून जातो आणि टिपांच्या जाळीत अडकलेले तुकडे तेवढे राहतात. हलका, झिरझिरीत, झकास दिसणारा स्कार्फ होतो. चाळीस जणी टाचण्या तोंडात धरून बसल्या होत्या आणि कितीतरी महिन्यांनी मंडळात कुणाच्या सुनेचा विषय निघाला नाही. हेही चांगलंच झालं.

आता ठरलंय असं की हे चाळीस स्कार्फ पर्वात मांडायचे. कोणत्या दिवशी? नवव्या. म्हणजे उत्तम आकिंचन्याच्या दिवशी. 'माझं असं काही नाही' हे म्हणायच्या दिवशी.

इथे मला बोलावं लागलं.

मी १९८२ ची बी.कॉम. आहे. नोकरी केली नाही, पण हिशेबाची सवय सुटली नाही. त्यामुळे आधी आकडेच मांडते. ८५० रुपयांचे ४० संच म्हणजे ३४,००० रुपये. ६० ग्रॅमच्या ४० पुड्या म्हणजे २ किलो ४०० ग्रॅम रेशीम. एक किलो कच्च्या रेशमाला पाच हजारांच्या आसपास कोष लागतात. म्हणजे आमच्या एका मंडळाच्या एका दुपारच्या हौसेत साधारण १२,००० कोष. एकेका स्कार्फमध्ये ३००.

कोष म्हणजे काय हे आपल्याला माहीत असतं आणि नसतंही. रेशमाची अळी स्वतःभोवती एकच अखंड धागा गुंडाळत कोष विणते. सहाशेपासून हजार-बाराशे मीटरपर्यंतचा तो एक धागा. आत तिचा कोशित होतो आणि वेळ आली की पतंग होऊन तो कोष भेदून बाहेर येतो. भेदला की धागा तुटला. धागा तुटू नये म्हणून पतंग व्हायच्या आधीच कोष गरम हवेत नाहीतर वाफेत ठेवतात. आतला जीव मरतो. मग गरम पाण्यात कोष मऊ करून धागा उलगडतात. रात्री दिव्यावर किडा येऊन मरेल म्हणून सूर्यास्ताआधी जेवणाऱ्या आपण. पाणी गाळून पिणाऱ्या आपण. गाळण्यात अडकलेला जीव परत पाण्यात सोडायला आपल्याला लहानपणी शिकवलं. आणि 'शुद्ध रेशीम' म्हटल्यावर आपल्याला शुद्ध ऐकू येतं.

मी हे वर्गात बोलले तेव्हा मला तीन उत्तरं मिळाली. तिन्ही प्रामाणिक होती, म्हणून तिन्हींना नीट उत्तर देते.

पहिलं उत्तर: "वहिनी, ते जीव तर केव्हाच गेले. तुकडे फेकूनच देणार होते. आपण वापरले तर वाया गेले नाहीत, उलट पुण्यच."

ऐकायला हे अगदी बरोबर वाटतं. मलाही घरी येईपर्यंत उत्तर सुचलं नाही. मग कॉलेजातला कॉस्ट अकाउंटिंगचा धडा आठवला. कारखान्यात मुख्य माल तयार होताना जो बारीकसारीक माल आपोआप निघतो, त्याला उपउत्पादन म्हणतात. ते फेकून दिलं तर त्याची किंमत शून्य. पण त्याला गिऱ्हाईक मिळालं, तर त्याच्या विक्रीचे पैसे मुख्य मालाच्या खर्चातून वजा होतात. म्हणजे रेशमी साडीचा खर्च तेवढा कमी झाला. खर्च कमी झाला की नफा वाढला, नफा वाढला की माल वाढला. आपण पुडी विकत घेतो तेव्हा आपल्याला वाटतं की आपण कचरा वाचवला. खतावणीत मात्र आपण रेशमाच्या धंद्याला हातभार लावलेला असतो. आणि त्या पुडीतले तुकडे एका मापाचे होते, हे विसरू नका. उरलेली चिंधी कधी एका मापाची नसते. ते तुकडे कापून तयार केलेले होते. चाळीस जणींनी मागणी केली म्हणून अख्खं कापड चिंधी झालं.

धर्माच्या भाषेत हेच आपल्याला फार आधी सांगून ठेवलंय. जपमाळेत १०८ मणी का? त्याचा एक हिशेब आपण पाठशाळेत शिकलो आहोत. संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन, वचन, काया हे तीन. कृत, कारित, अनुमोदना हे तीन. क्रोध, मान, माया, लोभ हे चार. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस, सत्तावीस चोक एकशे आठ. इतक्या वाटांनी पाप येतं म्हणून इतके मणी. यात 'मी मारलं नाही' ही फक्त एक वाट बंद झाली. करवून घेणं आणि झालेल्याला 'वा, छान' म्हणणं या दोन वाटा उघड्याच राहिल्या. समारंभ हा शब्द तर बघा. आपण तो लग्नामुंजीला वापरतो, पण शास्त्रात त्याचा अर्थ हिंसेसाठी साधनं गोळा करणं. आमच्या वर्गात दोन्ही अर्थांनी समारंभ झाला.

याच्या उलट उदाहरणही आपल्या डोळ्यांसमोर आहे. मुनिमहाराजांच्या हातातली पिच्छी. मोराची पिसं असूनही ती अहिंसेचं उपकरण आहे, कारण ती पिसं मोराने आपणहून टाकलेली असतात. पडलेलं वेचलं, एवढंच. उद्या कुणी पिसांचा एकसारखा, रंग जुळवलेला संच बाजारात मागायला लागलं, तर ती पिसं पडलेली आहेत की पाडलेली, हे कोण तपासणार? पिसाला लागू पडतं ते चिंधीलाही पडतं. पडलेली चिंधी आणि पाडलेली चिंधी एक नाही.

दुसरं उत्तर: "रेशमाचं सोडा, आता अहिंसक रेशीमही मिळतं की."

मिळतं. हैदराबादच्या कुसुमा राजय्या यांनी पतंग बाहेर पडू देऊन मग रेशीम काढण्याची पद्धत काढली, आणि त्यांचं मला कौतुक आहे. ज्यांना घ्यायचं असेल त्यांनी खात्री करून घ्यावं. पण आमच्या संचावर तसं काही लिहिलेलं नव्हतं आणि विचारल्यावर सांगताही आलं नाही. शिवाय माझा मुद्दा रेशमावर थांबत नाही. समजा पुडीत नवं सुती कापड असतं, तरी मी हेच म्हटलं असतं. चाळीस जणींच्या चाळीस घरांत कपाटं उघडत नाहीत इतके कपडे आहेत. ब्लाऊजपीस तर विचारूच नका. आलेले, द्यायचे, दिलेले परत आलेले. आणि आपण 'टाकाऊतून टिकाऊ' करायला टाकाऊ विकत आणतो!

परिग्रहाची यादी काढून बघा. शेत, घर, सोनं, रुपं, धन, धान्य यांच्या रांगेत 'कुप्य' हा शब्द येतो. कुप्य म्हणजे कापडचोपड. परिमाण बांधून घ्यायच्या वस्तूंत कपडा तेव्हापासून आहे. आचार्यांना बायकांचं कपाट बरोबर माहीत होतं. आणि उमास्वामींनी परिग्रहाचं मूळ वस्तूत सांगितलं नाही, आसक्तीत सांगितलं. म्हणून ६० ग्रॅमची पुडीही परिग्रह होऊ शकते, आणि आईचं अख्खं गाठोडंही कदाचित होणार नाही. आई ते गाठोडं संपवण्यासाठी साठवायची.

आपल्याकडे तुकड्याला किती मान आहे! क्षुल्लक महाराजांच्या अंगावर खंडवस्त्र असतं. डोकं झाकलं तर पाय उघडे पडतील एवढंच. आर्यिका माताजींची एक पांढरी साडी. त्यापुढे आपण 'अपरिग्रह' हा शब्द ८५० रुपयांच्या खोक्यावर चिकटवतो, याचं मला वाईट वाटतं. स्कार्फ करायला माझी ना नाही. हौस करा, नटा, मुलीसुनांना द्या. फक्त त्याला व्रताचं नाव देऊ नका.

तिसरं उत्तर माझ्या घरातच मिळालं, आणि ते सगळ्यांत अवघड होतं. मी हे सगळं तावातावाने सुनेला सांगत होते. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आई, मग तुमच्या लग्नातल्या शालूचं काय?"

आहे माझ्याकडे. ट्रंकेत, मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेला. लग्नानंतर सातआठदा नेसले असेन. गेली वीस वर्षं नेसले नाही. त्यातही हजारो जीव आहेत आणि त्याची किंमत माझ्या वडिलांनी वर्षभर दुसऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या लिहून भरली. सून म्हणाली, "तो तर घरचाच आहे. तो कापून स्कार्फ केला तर नवी मागणी कुठे वाढते?" हिशेबाने तिचं बरोबर आहे. पण तो स्कार्फ गळ्यात घालून मी मंडळात गेले की चार जणी म्हणणार, "किती सुंदर! रेशमाची सर कशाला नाही." अनुमोदना तिथे सुरू होते. मग विकावा, तर दुसरीच्या गळ्यात. द्यावा, तर तेच. ठेवावा, तर परिग्रह. त्या शालूचं काय करायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तो माझ्या वहीतलं जुनं येणं-देणं आहे. मात्र जुनं खातं मिटत नाही म्हणून त्यात नवी नोंद करायची, हे काही मला पटत नाही. सुनेला मी एवढंच सांगितलं. तिला ते पुरेसं वाटलं नसावं, पण दुसऱ्या दिवशी तिनेच माळ्यावरून माझं गाठोडं काढून दिलं.

त्या गाठोड्यातून मी माझा स्कार्फ केला. कसा केला ते सांगते, कारण नुसतं 'नको' म्हणणाऱ्या बाईचं कुणी ऐकत नाही.

विरघळणारा कागद मी घेतला नाही. तो पाण्यात दिसेनासा होतो म्हणजे नाहीसा होतो असं नाही, तो विरघळून मोरीतूनच पुढे जातो. पाणी गाळणाऱ्या घरात तेवढा विचार करावा. त्याऐवजी सासूबाईंच्या एका जुन्या सुती पातळाचा मऊ झालेला भाग घेतला. धुऊन धुऊन ते मलमलीसारखं झालं होतं. त्याचा एक वीत रुंद आणि पावणेदोन मीटर लांब पट्टा फाडला. कात्रीने न कापता फाडला की कापड सुताच्या रेषेत फाटतं आणि कड सरळ येते. त्यावर तुकडे मांडले. माझ्या ब्लाऊजांच्या अस्तरांचे उरलेले कोपरे, ह्यांच्या सुती शर्टांचे पाठीकडचे भाग (पुढचे झिजतात, पाठ चांगली राहते), नातवाच्या बालवाडीच्या गणवेशाच्या निळ्या चौकटी, फॉल लावताना उरलेल्या पट्ट्या. जाड कापड टाळलं, नाहीतर स्कार्फ मानेवर बसत नाही. टेरिकॉटचे तुकडे बाजूला काढले, कारण सुती कापड धुतल्यावर थोडं आटतं, ते आटत नाही आणि मग चुण्या पडतात. सगळे तुकडे आधीच एकदा धुऊन वाळवून घेतले.

तुकडे कच्च्या टाक्यांनी बसवले आणि मग हाताने धावदोरा घातला, ओळीत ओळ, बोटभर अंतराने. वाकळीला घालतो तसाच, कडेपासून आतल्या बाजूला. आपल्या शेजारी, उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायकासुद्धा त्यांची गोधडी अशीच कडेपासून सुरू करून मध्यापर्यंत नेतात आणि चारी कोपऱ्यांना कापडाचं घडीचं फूल लावतात. मीही टोकांना आईच्या पद्धतीने उरलेल्या दोऱ्यांचे गोंडे लावले. कडा मुद्दाम दुमडल्या नाहीत. थोडी दशी सुटते, ती शोभते. ज्यांना हात चालत नाही त्यांनी मशीनवर आडव्या-उभ्या टिपा माराव्यात, वर्गातल्यासारखीच जाळी दिसते.

दहा दिवस, रोज दुपारचे दीडेक तास लागले. खर्च, एक सुताची रीळ. बॉबिनवर उरलेले दोरेही संपले. वजन केलं, ९० ग्रॅम भरलं. रेशमासारखी चमक नाही. खोटं कशाला सांगू, वर्गातले स्कार्फ माझ्यापेक्षा देखणे होते. पण माझ्या स्कार्फात नातू स्वतःचा गणवेश शोधतो आणि ह्यांनी दोनदा विचारलं, "हा माझा शर्ट होता ना? चांगला होता की तो!" विकतच्या पुडीतल्या तुकड्यावर असा हक्क कुणी सांगणार नाही.

एक शंका येईल, म्हणून सांगून ठेवते. चिंधीवर पोट असणाऱ्या बायका आहेत. गोधड्या शिवणाऱ्या, पिशव्या करणाऱ्या. त्यांच्याकडून जरूर विकत घ्या, घासाघीस न करता घ्या. तिथे आपण तिच्या हाताचे पैसे देतो. मी त्या दहा दिवसांचे पंधरा तास मांडले, तर माझाच स्कार्फ त्या संचापेक्षा महाग पडेल. गोधडीवालीला आपण किती कमी देतो हे मला तेव्हा कळलं. आणि शेजारच्या शिंप्याकडे सुती कतरण पडलेली असेल तर मागून आणा, तो आनंदाने देतो.

आता मंडळाला माझं सरळ मागणं. संचांचे पैसे भरून झालेत, मला ठाऊक आहे. माझे ८५० मला परत नकोत. पण आकिंचन्याच्या दिवशी ते रेशमाचे स्कार्फ मांडू नका. मांडायचेच असतील तर दुसऱ्या कुठल्या तरी दिवशी, हौसेचे म्हणून मांडा. त्या दिवशी प्रत्येकीने घरातलं एक गाठोडं घेऊन यावं. लाजू नका, मी खुर्चीखाली सरकवलं तसं सरकवू नका. सगळ्यांची गाठोडी एकत्र सोडू, सुती तेवढं निवडू, आणि त्यातून मऊ दुपटी शिवू. सरकारी दवाखान्यात बाळंतिणी येतात, त्यांना जुनं मऊ सुती कापड नव्यापेक्षा जास्त कामाचं असतं. नवव्या दिवशी घरी जाताना आपले हात रिकामे असतील. आकिंचन्याला तेवढं पुरे.

अध्यक्षाताई माझ्यावर रागावल्या आहेत. त्या माझ्यापेक्षा लहान आहेत, पण मंडळासाठी माझ्यापेक्षा दसपट राबतात, हे मी जाणते. त्यांनी हे वाचावं आणि मला फोन करावा. सूर्यास्ताआधी केला तर जेवायलाच या म्हणेन.

जय जिनेंद्र.